व्हॉल्व्हचा टीव्ही : इतिहासाचे एक न वाचलेले साधन



या व्याख्यानमालेत आजवर मोडी कागद, ताम्रपट, नाणी यांवर अधिकारी मंडळी बोलून गेली आहेत. त्या रांगेत मी आज जुने टीव्ही घेऊन उभा आहे, याचे काहींना नवल वाटेल. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. विजेच्या यंत्रांचे काम हौसेने शिकलो. व्हॉल्व्हवर चालणारे जुने दूरचित्रवाणी संच जमवायचे आणि ते कोणत्या सालचे, कोणी केलेले, कुठल्या केंद्रासाठी केलेले हे ठरवायचे, असा एक छंद आहे. इंग्लंड-अमेरिकेत त्याला चांगलीच शिस्त आली आहे. माझे म्हणणे एवढेच, की असा संच हे इतिहासाचे अस्सल साधन आहे, तो कागदासारखाच वाचावा लागतो, आणि आपल्याकडचे हे कागद आपण न वाचताच फाडतो आहोत. फाडणाऱ्यांत मीही होतो.

घरातला वाद

आमच्या हैदराबादच्या घरी सागवानी पेटीचा, चार पायांचा, पुढे सरकते दार आणि त्याला कुलूप असलेला एक टीव्ही होता. तो कोणी आणला याच्या घरात दोन हकिकती होत्या. वडील सांगत, की मुंबईला असलेल्या काकांनी तो १९७२ साली, मुंबई केंद्र सुरू झाले तेव्हाच घेतला आणि पुढे इकडे पाठवला. आत्या म्हणायची, की तो तिने १९७७ साली, हैदराबादला केंद्र आले तेव्हा, फंडातून कर्ज काढून कोठीतल्या दुकानातून आणला. आत्या शाळेत शिक्षिका होती, लग्न केले नव्हते, भावाच्या घरी राहायची. तिचे म्हणणे कोणी खोडून काढत नसे, पण खरेही धरत नसे. पाहुण्यांना सांगताना टीव्ही काकांचाच असे.

आत्या गेल्यावर मला वाटले, की संच उघडून पाहिला तर हा वाद सुटेल. तो सुटला का, हे शेवटी सांगतो. आधी संच वाचायचा कसा, ते पाहू.

पेटी, तबकडी आणि पोट

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. आत तार तापते, तिच्यामुळे इलेक्ट्रॉन सुटतात आणि त्यांचा प्रवाह कमी-जास्त करून आवाज व चित्र यांचे काम होते. एका संचात असे वीस-तीस व्हॉल्व्ह असत. खुद्द पिक्चर ट्यूब हाही एक मोठा व्हॉल्व्हच.

जुन्या पत्राचा खरेखोटेपणा तपासताना आपण वरचा शिक्का पाहतो, शेवटचे मोर्तब पाहतो, अक्षर पाहतो, कागद पाहतो, आणि हे सारे एकमेकांशी जुळते का ते पाहतो. संचाचे तसेच आहे. बाहेरची पेटी, केंद्र लावायची तबकडी, आतला चेसिस, व्हॉल्व्ह, पिक्चर ट्यूब, चिकटवलेले कागद हे सगळे स्वतंत्र साक्षीदार. यांतला सर्वांत कमी भरवशाचा म्हणजे पेटीवरचे नाव.

याचे ठळक उदाहरण अमेरिकेतले. आरसीए कंपनीने १९४६ साली ६३०-टीएस हा संच बाजारात आणला. दहा इंची पडदा, तीस व्हॉल्व्ह, किंमत ३७५ डॉलर. युद्धानंतर अमेरिकन घरांत टीव्ही शिरला तो मुख्यतः या संचामुळे. त्याच धर्तीचा चेसिस इतर कित्येक कंपन्यांनी आपापल्या पेट्यांत बसवून विकला. त्यामुळे पुढे नाव एकाचे आणि आत घडण दुसऱ्याची, असे संच आजही सापडतात. नुसते नाव वाचून थांबणारा माणूस तिथे फसतो.

तबकडी मात्र सहसा खोटे बोलत नाही. अमेरिकेत युद्धानंतर वाहिन्यांचे आकडे १ ते १३ होते. १९४८ साली तिथल्या नियामक आयोगाने पहिली वाहिनी दूरचित्रवाणीकडून काढून घेतली आणि ती कंपनलहरींची जागा इतर दळणवळणाला दिली. तेव्हापासून तिथली तबकडी २ पासून सुरू होते. म्हणून ज्या संचाच्या तबकडीवर १ चा आकडा आहे, तो साधारणपणे १९४६ ते १९४८ या दोन-अडीच वर्षांतला. पुढे १९५२ साली १४ ते ८३ या वाहिन्या खुल्या झाल्या, तेव्हा त्यांच्यासाठी दुसरी तबकडी आली. कारखान्याने कुठे साल लिहिले नसले, तरी सरकारच्या एका हुकुमाने ते तबकडीवर लिहून ठेवले आहे.

इंग्लंडमधले आरसे

टीव्हीच्या अभ्यासकाला इंग्लंडचा इतिहास फार सोयीचा आहे, कारण तिथे प्रत्येक बदलाला नेमकी तारीख आहे. बीबीसीने २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित प्रक्षेपण सुरू केले. तेव्हा दोन पद्धती स्पर्धेत होत्या : बेअर्ड यांची २४० रेषांची आणि मार्कोनी-ईएमआयची ४०५ रेषांची. एक आठवडा ही, एक आठवडा ती, असे आलटून पालटून चाले. फेब्रुवारी १९३७ मध्ये बेअर्ड यांची पद्धत बंद झाली. त्यामुळे दोन्ही पद्धतींसाठी खटका असलेला संच दिसला, की तो त्या थोड्या महिन्यांतल्या बाजारासाठी केलेला आहे हे उघड होते.

त्या काळच्या अनेक संचांना वर झाकण असते आणि झाकणाच्या आत आरसा. कारण साधे आहे. त्या वेळच्या पिक्चर ट्यूबमध्ये किरण फार थोड्या कोनात वळवता येत असे, म्हणून ट्यूब लांबच लांब करावी लागे. ती आडवी ठेवली तर पेटी खोलीच्या मध्यापर्यंत येईल. म्हणून ट्यूब उभी ठेवत, पडदा आकाशाकडे, आणि तिरप्या आरशात लोक चित्र पाहत. आरशात चित्र उलटे दिसते, म्हणून ट्यूबवर ते मुळातच उलटे काढलेले असे. पुढे कोनाचे तंत्र सुधारत गेले. १९५०च्या सुमारास ७० अंश, दशकाच्या मध्यावर ९०, शेवटी ११० अंश. जसा कोन वाढला तशी ट्यूब आखूड झाली आणि पेटी उथळ झाली. आजही मी जुना संच प्रथम पाहतो तो बाजूने. पुढून पाहिले तर पॉलिश दिसते. बाजूने पाहिले तर साल दिसते.

१ सप्टेंबर १९३९ रोजी युद्धाच्या तोंडावर बीबीसीने हे प्रक्षेपण थांबवले, ते ७ जून १९४६ ला पुन्हा सुरू झाले. तोवर विकले गेलेले संच वीस हजारांच्या आसपास होते असे मानले जाते. त्यांतले फार थोडे उरले आहेत. डिसेंबर १९४९ मध्ये बर्मिंगहॅमजवळ सटन कोल्डफील्डचे केंद्र सुरू होईपर्यंत देशात एकच केंद्र होते, म्हणून त्याआधीच्या संचांना केंद्र निवडायचा खटकाच नाही. सप्टेंबर १९५५ मध्ये व्यापारी वाहिनी आली आणि अनेक वाहिन्यांचा फिरता ट्यूनर घरोघर पोहोचला. एप्रिल १९६४ मध्ये बीबीसीची दुसरी वाहिनी ६२५ रेषांवर आली, तेव्हा ४०५ आणि ६२५ अशा दोन्हींवर चालणारे, आत जाडजूड खटका असलेले संच निघाले. ४०५ रेषांचे शेवटचे प्रक्षेपण जानेवारी १९८५ मध्ये बंद झाले. एवढ्या तारखा पाठ असल्या, की तिथला कुठलाही संच पाचेक वर्षांच्या आत बसवता येतो.

तोंडी परंपरेचे काय होते, तेही इथेच पाहू. २०११ साली लंडनमध्ये १९३६ चा एक मार्कोनीफोन ७०२ लिलावात विकला गेला. त्या वेळी अशी हकीकत छापून आली, की पहिल्या मालकाने संच घेतल्यावर तीनच दिवसांत क्रिस्टल पॅलेसला आग लागली, प्रक्षेपण बंद पडले आणि बिचाऱ्याला पुढे बरीच वर्षे काही पाहता आले नाही. क्रिस्टल पॅलेस ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री जळाला हे खरे. तिथे बेअर्ड यांची प्रयोगशाळा होती हेही खरे. पण बीबीसीचे प्रक्षेपण शहराच्या दुसऱ्या टोकाला, अलेक्झांड्रा पॅलेसमधून होत होते आणि ते पुढेही चालूच राहिले. संच अस्सल, त्याच्याबरोबर आलेली गोष्ट सैल. आपल्या वाड्यांतल्या तलवारींबद्दलही असेच घडते. तलवार जुनी असते, पण ती कोणाची हे सांगणारी कथा नंतर चिकटलेली असते.

व्हॉल्व्हची भाषा

आता पेटीच्या आत जाऊ. व्हॉल्व्हवरची अक्षरे ही एक लिपीच आहे, आणि ती मोडीपेक्षा पुष्कळ सोपी. युरोपीय पद्धतीत पहिले अक्षर आतल्या तापणाऱ्या तारेबद्दल सांगते. ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट, ‘पी’ म्हणजे ३०० मिलिअँपियरच्या माळेत बसणारा. पुढची अक्षरे काम सांगतात. म्हणून ‘पीएल ५०४’ वाचले की कळते, हा माळेतला, जोर लावणारा व्हॉल्व्ह आहे. ‘पी’ घराण्याच्या संचात सगळ्या व्हॉल्व्हच्या तारा एकामागून एक जोडलेल्या असतात. दिवाळीच्या जुन्या माळेतला एक दिवा गेला की सगळी माळ विझते, तसा एक व्हॉल्व्ह गेला की सगळा संच अंधारतो. जुन्या मेकॅनिकांना हे तोंडपाठ होते.

अमेरिकन पद्धतीत पहिला आकडा व्होल्टचा. पिक्चर ट्यूबचा पहिला आकडा मात्र पडद्याचे इंच सांगतो. ६३०-टीएसमधली ट्यूब ‘१०बीपी४’ : दहा इंच, आणि शेवटचा ‘पी४’ म्हणजे कृष्णधवल चित्रासाठीचा पांढरा लेप. १९५४ साली आरसीएने सीटी-१०० हा रंगीत संच हजार डॉलरला विकायला काढला. त्याची ट्यूब ‘१५जीपी२२’. शेवटचा ‘पी२२’ रंगीत लेपाचा. संच बंद असला, पडदा काळा असला, तरी ट्यूबवरची ही चार-पाच चिन्हे तो रंगीत होता की नाही हे सांगतात.

तारखाही असतात. अमेरिकन स्पीकरवर २२०७३९ असा आकडा दिसला, तर २२० हा जेन्सन कंपनीचा क्रमांक, ७ हा सालाचा शेवटचा आकडा आणि ३९ हा आठवडा. साल १९४७ की १९५७? इथे एकटा स्पीकर पुरत नाही. तबकडीवर १ चा आकडा असेल तर १९४७. इंग्लंडच्या मुलार्ड कंपनीच्या काचेवर ‘बी२सी३’ अशी कोरलेली ओळ असते : ब्लॅकबर्नचा कारखाना, साल २ ने संपणारे, मार्च महिना, तिसरा आठवडा. तिथेही १९६२ की १९७२ हे दुसऱ्या साक्षीदाराला विचारावे लागते.

इथे एक नियम कायम लक्षात ठेवायचा. उत्खननात एका थरात सापडलेले नाणे काय सांगते? हा थर या नाण्याच्या आधीचा नाही, एवढेच. संचातला सर्वांत नवा मूळ भाग तेवढेच सांगतो : संच याच्या आधीचा नाही. या वाक्यातला ‘मूळ’ हा शब्द महत्त्वाचा. दुरुस्तीत घातलेला भाग दुरुस्तीचे साल सांगतो, जन्माचे नाही. मूळ कुठला आणि मागाहून घातलेला कुठला हे कशावरून कळते? डाग दिलेल्या धातूच्या चकाकीवरून, तार गुंडाळण्याच्या हातावरून, भागाखाली धूळ न बसलेल्या जागेवरून, आणि स्क्रूच्या डोक्यावर कारखान्यात लावलेला रंगाचा ठिपका फुटला आहे की नाही यावरून.

दुरुस्ती की पुसणे

इथेच खरा प्रश्न उभा राहतो. अमेरिकेत युद्धापूर्वी विकलेले संच ४४१ रेषांचे होते. १९४१ साली तिथे ५२५ रेषांचे मानक आले आणि आवाज पाठवण्याची पद्धतही बदलली. कित्येक मालकांनी आपले संच तसे बदलून घेतले. आज असा संच हाती आला, की हौशी माणूस तो ‘मूळ रूपात’ न्यायला बसतो आणि १९४१ चे सारे बदल काढून टाकतो. संच सुंदर दिसतो. पण एका घराने महागडी वस्तू टाकून न देता नव्या काळाशी कशी जुळवून घेतली, याचा पुरावा भंगारात जातो.

चांगले संग्राहक म्हणून काही पथ्ये पाळतात. संच हाती आला की तो विजेला लावायचा नाही. आतले मेणकागदाचे कंडेन्सर गळके झालेले असतात, बटण दाबताच ट्रान्सफॉर्मर जळतो. शिवाय ट्यूबला हजारो व्होल्ट लागतात आणि पुष्कळ संचांत चेसिसलाच घरची वीज जोडलेली असते. ती माणसाचा जीव घेऊ शकते. ट्यूबच्या मानेला धक्का लागला तर काच फुटून अंगावर येते. हे काम जाणकाराच्या हाताखाली शिकावे. आधी छायाचित्रे काढायची, कुठल्या खोबणीत कुठला व्हॉल्व्ह आहे ते लिहायचे, आतली धूळही लगेच झटकायची नाही. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून पिशवीत ठेवायचा. काही जण कंडेन्सरच्या जुन्या नळीत नवा कंडेन्सर लपवतात. दिसायला ते छान, पण आत तशी नोंद ठेवली नाही तर पुढच्या अभ्यासकाची ती फसवणूक ठरते.

आपल्याकडचे संच

भारतात दिल्लीला १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. रोजचे प्रक्षेपण १९६५ पासून. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ चे. बेंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९७० साली कृष्णधवल पिक्चर ट्यूब करायला घेतली. आपल्या हैदराबादेत १९६७ साली अणुऊर्जा खात्याखाली इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन स्थापन झाली. तिचे ‘ईसी’ टीव्ही इथल्या अनेक घरांत होते. १९७५-७६ च्या उपग्रह प्रयोगात सहा राज्यांतल्या २४०० गावांत संच गेले, तेही याच संस्थेने केलेले.

म्हणजे टीव्ही आपल्या घरांत पोहोचेपर्यंत जगात व्हॉल्व्हची संध्याकाळ झाली होती. सत्तरच्या दशकातल्या आपल्या पुष्कळ संचांत अर्धे काम ट्रान्झिस्टरचे, अर्धे व्हॉल्व्हचे. असे मिश्र संच थोडीच वर्षे निघाले, आणि १९८२ साली रंगीत प्रक्षेपण आल्यावर लोकांनी ते झपाट्याने काढून टाकले. इंग्लंड-अमेरिकेतल्या संचांवर पुस्तके आहेत, याद्या आहेत, संग्रहालये आहेत. आपले संच एर्रागड्ड्याच्या रविवारच्या बाजारात मी पाहतो ते तांब्याच्या तारेसाठी फोडलेले. पेटीचे लाकूड एकीकडे, ट्यूब दुसरीकडे, आणि पाठीच्या पुठ्ठ्यावरचा नकाशा, ज्यावर मेकॅनिकने पेन्सिलने दुरुस्तीच्या तारखा लिहिलेल्या असतात, तो पावसात भिजलेला. टपाल कचेरीतून दरवर्षी शिक्का मारून आणायची टीव्ही परवान्याची पुस्तिका तर घरोघर रद्दीत गेली. मालकाचे नाव, पत्ता आणि साल तिच्यावर एकत्र होते.

आत्याचा टीव्ही

आता घरच्या संचाकडे येतो. आत्याच्या पश्चात मी तो उघडला, पण एक चूक वीस वर्षांपूर्वीच करून बसलो होतो. घराला रंग दिला तेव्हा ‘नव्यासारखा करून द्या’ म्हणून संच एका दुकानात दिला होता. त्या माणसाने सांगितले तेच केले. पेटी घासून पॉलिश केली, सगळे व्हॉल्व्ह बदलले, पाठीचा पुठ्ठा फाटका म्हणून नवा लावला. जुने व्हॉल्व्ह मी विचारलेही नाहीत. तेव्हा मी इतिहासच शिकवत होतो, आणि मुलांना मूळ साधनाचे महत्त्व सांगत होतो.

आत पाहिले तर बोलण्यासारखे फार थोडे उरले होते. मात्र स्पीकरच्या लोहचुंबकावर शाईचा पुसट शिक्का होता : महिना वाचता येईना, साल १९७६. स्पीकर मागाहून बदललेला असू शकतो, म्हणून मी स्क्रू पाहिले. चारही स्क्रूंच्या डोक्यांवर कारखान्याचा तांबडा ठिपका अखंड होता. तारांचे डागही चेसिसच्या इतर मूळ डागांसारखेच. तेव्हा स्पीकर मूळचा, आणि संच १९७६ च्या आधीचा नाही. १९७२ साली मुंबईत घेतलेला तो असूच शकत नाही.

यावरून आत्यानेच तो घेतला हे सिद्ध होते का? इतिहासाचा शिक्षक म्हणून मला ‘नाही’ म्हणावे लागते. काकांची हकीकत मोडली. आत्याच्या हकिकतीला बाध येत नाही, एवढेच खात्रीने सांगता येते. जुन्या पुठ्ठ्यावर कोठीतल्या दुकानाची चिठ्ठी असती, परवान्याची पुस्तिका राहिली असती, तर तिच्या नावाने पूर्ण दाखला देता आला असता. तो मीच पुसला.

वडील आता नव्वदीत आहेत. त्यांना मी तो शिक्का भिंगातून दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “हप्ते ती भरायची, हे मला माहीत होतं.” एवढेच. त्या दिवसापासून घरात त्याला आत्याचा टीव्ही म्हणतात.

श्रोतेहो, आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर असा संच असेल तर तो विजेला लावू नका, भंगारवाल्याला देऊ नका, आणि नव्यासारखाही करून घेऊ नका. आधी मागचा पुठ्ठा जपून काढा आणि आत काय लिहिले आहे ते उतरवून ठेवा. मदत लागली तर मी येईन.